मोठी दालने आणि नव्या नोकऱ्या: आपले अनुभव लिहा

बिलिंगवाली: पुण्याजवळच्या वाघोलीत एका साखळी दुकानाचे मोठे दालन उघडणार असल्याचा 'भरती सुरू' असा फलक पाहिला आणि माझी पहिली नोकरी आठवली. बारावीनंतर मी अशाच दालनात बिलिंगला लागले होते, पण पहिली पगारपावती हातात पडली तेव्हा तिच्यावर दुकानाऐवजी ठेकेदाराचे नाव होते. 'शेकडो रोजगार' अशी बातमी वाचली की नेमणूकपत्र कोण देणार, हेच मी आधी पाहते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी जरूर लिहावे.

शाम्पूवाला: दालनात गणवेश घालून उभी असलेली सगळी माणसे दुकानाची नसतात. मी शाम्पूच्या कंपनीचा प्रमोटर, म्हणजे गिऱ्हाईकांना तिचा माल सुचवणारा होतो, सुरक्षारक्षक एका एजन्सीचे होते आणि सफाईच्या मावशी दुसऱ्या एजन्सीच्या. शनिवार-रविवारी सुट्टी मागायची सोय कोणालाच नव्हती.

मार्केटयार्डकर: माझे वडील भुसार विभागात हमाल होते. १९६९ चा हमालांसाठीचा माथाडी कायदा आणि बाबा आढावांची हमाल पंचायत ही संघटना यांच्यामुळे त्यांच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी जमा झाला. मी मात्र एका दालनाच्या मागच्या दाराशी रात्री ट्रक रिकामे केले, तेव्हा माझी नोंद फक्त मुकादमाच्या वहीत होती.

कोथरूडची काकू: इतका निराशेचा सूर नको. चाळिशीनंतर, अनुभव नसताना, मला दुसरीकडे कोणी उभे केले नसते. ईएसआयसाठी, म्हणजे कामगार विम्यासाठी, पगारातून ०.७५ टक्केच कापले जात आणि माझे पित्ताशयाचे ऑपरेशन बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात झाले. बसायला स्टूल मिळत नसे, ही तक्रार मात्र खरी आहे. पोटऱ्या अजून दुखतात.

पेठेतला किराणा: आमचा पोऱ्या दालनात गेला आणि आठवड्याची सुट्टी मिळते म्हणून खूश आहे. आता घरपोच सामान मीच नेतो, या वयात!

शाम्पूवाला: काका, तेवढाच व्यायाम. जादा तासांचे पैसे मात्र त्या मुलाने मागून घ्यावेत, कारण २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्यांचा दर दुप्पट आहे.

नवी सभासद: माझ्या भाचीला वाघोलीला अर्ज करायचा आहे. दालन बंद झाल्यावर रात्री किती वेळ थांबवतात?

बिलिंगवाली: गल्ल्याचा हिशेब जुळेपर्यंत थांबावे लागते, ताई. घरी सोडायला गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचारावे आणि ती कुठपर्यंत जाते तेही विचारावे. आमची गाडी हडपसरला वळून जात असे आणि पुढच्या मुली रिक्षाचे पैसे वाटून घेत.