ॲडमिरल गॉडफ्रे: एका धमकीवरून अख्खी कारकीर्द जोखायची का?

कुलाबाकर:
जॉन गॉडफ्रे हे नाव आपल्याकडे एकाच कारणाने निघतं. २१ फेब्रुवारी १९४६ला नौसैनिकांच्या उठावात त्याने रेडिओवरून बजावलं की सरकार सगळी ताकद वापरेल, मग त्यात नौदल नष्ट झालं तरी चालेल. पण त्याआधीचा माणूसही बघा. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला ‘युरियालस’ जहाजावर नॅव्हिगेटर. १९३६पासून ‘रिपल्स’ या मोठ्या युद्धनौकेचा कॅप्टन. १९३९ ते १९४२ ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख. पुढे १९४३पासून रॉयल इंडियन नेव्हीचा सर्वोच्च अधिकारी.

माझ्या मते तो फार हुशार अधिकारी होता, आणि म्हणूनच त्याचा दोष जास्त. शत्रूच्या किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती जमवणाऱ्याला आपल्या बराकीतलं काहीच कसं कळलं नाही?

खारेपाटणकर:
साफ असहमत. १९४०च्या नॉर्वे मोहिमेत किनाऱ्यांची माहिती कमी पडली, तेव्हा ऑक्सफर्डला भूगोलाचे अभ्यासक बसवून तिन्ही दलांसाठी ते काम गॉडफ्रेंनी उभं केलं. त्याचा उपयोग पुढे किनाऱ्यावर सैन्य उतरवताना झाला. इतकं करून १९४२ला त्यांना पदावरून दूर केलं, आणि ‘सर’ ही पदवी तर कधीच मिळाली नाही.

भारतात आले तेव्हा युद्धाआधीचं २,०००च्या आसपासचं नौदल फुगत चाललेलं. १९४५पर्यंत ते २५,०००च्या वर गेलं. पगार, युद्धानंतरची कपात, सगळं दिल्ली-लंडनच्या हातात. एकट्या माणसाच्या माथी मारू नका.

परळची लेक:
पगार दिल्लीच्या हातात, मान्य. पण जेवणातली डाळ? अधिकाऱ्यांच्या तोंडच्या शिव्या? मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल तळावरच्या पोरांनी कमांडिंग अधिकाऱ्याच्या भाषेविरुद्ध लेखी तक्रारी दिल्या होत्या. त्या वेळीच मनावर घेतल्या असत्या तर १८ तारखेला कुणी जेवण नाकारलं नसतं, आणि उठाव सुरूच झाला नसता. शिवाय ‘तलवार’ म्हणजे सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र. ती पोरं बिनतारी यंत्रावर बसणारी, म्हणून बातमी कराचीपर्यंत लगेच पोचली. गुप्तवार्तावाल्याला एवढंही सुचू नये?

आणि त्या धमकीच्या दुसऱ्या दिवशी नौसैनिकांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर आमच्या परळला गोळीबार झाला. कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे त्यात गेल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली. मला त्याची ऑक्सफर्डची कामगिरी ऐकवू नका.

खारेपाटणकर:
रस्त्यावरचा गोळीबार पोलीस आणि लष्कराचा, गॉडफ्रेंच्या हुकमाचा नव्हे. ते दुःख कमी लेखत नाही, पण हुकूम कुणाचा हे वेगळं ठेवायलाच हवं.

परळची लेक:
हुकूम वेगळा असेल, सूर तोच. ज्यांनी युद्धात जहाजं चालवली त्यांना ‘चिरडून टाकू’ म्हणायचं, हा सूर वरून ठरतो.

कुलाबाकर:
खारेपाटणकर, गोळीबाराचा मुद्दा बरोबर, तेवढा मला मान्य. पण तक्रारींचं उत्तर तुमच्याकडून आलं नाही. २३ला पोरांनी शरणागती पत्करली ती वल्लभभाईंच्या शब्दावर. ‘कुणावर सूड उगवला जाणार नाही’ या भरवशावर. पुढे शेकडो जणांना काढलं, आणि स्वातंत्र्यानंतरही परत घेतलं नाही. हे मात्र गॉडफ्रेच्या खात्यावर टाकता येत नाही. ते आपलं आहे.