घरच्या पीसीला कुठला अँटीव्हायरस? मदत हवी आहे

राजारामपुरीत घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, त्यावर पप्पा नेटबँकिंग करतात. बहिणीचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातनं आला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात, ॲट्रिब कमांड मारून फाईली परत दिसतात पण पुढच्या वेळी परत तेच. विंडोजमध्येच येणाऱ्या डिफेंडर अँटीव्हायरसचा फुल स्कॅन, ऑफलाइन स्कॅन दोन्ही केले, पीसी क्लीन दाखवतोय. एक फ्री अँटीव्हायरस टाकला तर मशीन हँग व्हायला लागलं आणि सारखे पॉपअप, काढून टाकला. टीपीएम २.० (सिक्युरिटी चिप) नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही आणि १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, खरी काळजी ती आहे. क्रॅक नको, पैसे भरायची तयारी आहे. दुकानदार क्विक हील घ्या म्हणतोय, पुण्याची कंपनी आहे म्हणून. ४ जीबी रॅमवर कोण वापरतंय काय, जड जातं का, की डिफेंडरवरच भागेल?