मदत हवी आहे: ताईचं ब्रेस्ट रिडक्शन (स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन) ईएसआयमधून (कामगारांचा सरकारी विमा) होईल का? (नाशिक)

नमस्कार. विषय नाजूक आहे, पण घरात बोलून उपयोग झाला नाही म्हणून इथे लिहितेय.

ताई ३६ वर्षांची, सातपूर एमआयडीसीत असेंब्लीला आहे. छातीचा भार एवढा, की खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडल्यात, बोटाचं पेर आत बसतं. पट्टीखाली ती रुमालाची घडी ठेवते. एप्रिल लागला की स्तनांखालची कातडी घामाने चिघळते, मग जुन्या सुती साडीचे तुकडे लावून कामावर जाते. मान-पाठ तर बारा महिने दुखते. दुपारनंतर बोटांना मुंग्या येतात, स्क्रू हातातून निसटतात.

"वजन कमी करा" हे सगळ्यांनी सांगून झालं. तिने नऊ किलो उतरवले. पोट गेलं, छाती जवळपास तेवढीच. फिजिओथेरपीने आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच, कारण ओझं जागेवरच आहे. शेवटी सर्जननी ऑपरेशन सुचवलं. खासगीत एक लाख चाळीस हजार सांगितले. एका रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर गेलो, तर "हे सौंदर्याचं आहे, बसणार नाही" म्हणून कागद न उघडताच परत दिले. घरी येईपर्यंत ताई रिक्षात एक शब्द बोलली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेला पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. गेल्या वर्षी ताईच्या ३१ रजा याच दुखण्यापायी झाल्या. गोळ्या, मलम, एक्स-रे, शेक आणि वर रजेचे पैसे, हे सगळं दरवर्षी त्याच निधीतून जातंय. ऑपरेशनचा खर्च एकदाच, आणि तिची नोकरीची वीस वर्षं अजून बाकी आहेत. मग ते महाग कसं?

ब्रिटनमध्ये पूर्ण आरोग्यातलं एक वर्ष मिळवून देणाऱ्या उपचाराला साधारण २० ते ३० हजार पौंडांपर्यंत खर्च परवडतो, असा हिशेब वर्षानुवर्षे धरला जात होता. या ऑपरेशनचे अभ्यास त्याच्या बरेच खाली येतात. तरीही तिथे बऱ्याच भागांत ते सहज मंजूर होत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र मान-खांदे दुखत असतील तर मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्ययोजना) त्याला मदत देतं.

सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातून प्लास्टिक सर्जरीसाठी रेफरल कुणाला मिळालंय का? की थेट मुंबईला, जे. जे. किंवा केईएमला जावं? आणि डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय असायला हवं?

प्रतिसाद १
पत्रात 'कॉस्मेटिक' हा शब्द येऊ देऊ नका. खासगी मेडिक्लेमच्या नियमातही प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण आरोग्याला थेट धोका असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर अपवाद असतो. तेच धोरण इथे ठेवा. हाडांचे, त्वचेचे आणि फिजिओचे असे तिघांचे कागद वेगवेगळे घ्या, वजनाची नोंद आणि खांद्याचे फोटो जोडा. अजून मूल हवं असेल तर आधी सर्जनशी बोला, नंतर अंगावर पाजायला अडचण येऊ शकते.

धागाकर्ती
खूप आभार. दोन मुलं आहेत, धाकटी आठ वर्षांची, तो प्रश्न नाही. त्वचेच्या डॉक्टरांचा कागदच नव्हता आमच्याकडे. सोमवारी ताईची सुट्टी टाकून जातोय, रजेची नोंदही कंपनीतून मागून घेते. रेफरलबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा.