मदत हवी आहे: वडिलांना टॅक्सीतून फोर्ट दाखवायचा आहे

नमस्कार मंडळी,

माझे वडील ८१ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पुढच्या महिन्यात सांगलीहून बहिणीकडे दादरला येत आहेत. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण फोर्ट बघायची इच्छा दांडगी आहे. नुसत्या इमारती पाहून त्यांचं समाधान होणार नाही. कोट, म्हणजे इंग्रजांच्या काळातला मुंबईचा तटबंदीचा किल्ला, कुठून कुठे होता, ते जागेवर उभं राहून बघायचंय. तटबंदी १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडली गेली. म्हणून काळी-पिवळी करून तटाच्या कडेकडेने एक फेरी मारावी असं मनात आहे.

योजलेला मार्ग असा: गेटवे, तिथून काळा घोडा (तिथल्या दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाचाच रस्ता), मग हुतात्मा चौक. जुना चर्चगेट दरवाजा इथेच होता. तो पाडल्यावर १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. पण वडिलांना इथे थांबायचंय ते हुतात्मा स्मारकासाठी. २१ नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला तेव्हा ते शाळेत होते. पुढे आयुष्यभर त्यांनी वर्गात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शिकवली, स्मारक मात्र अजून पाहिलेलं नाही. इथे त्यांना हवा तितका वेळ मिळायला हवा.

नंतर दादाभाई नौरोजी मार्गाने सीएसएमटी, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातला किल्ल्याचा उरलेला तुकडा, आणि शहीद भगतसिंग मार्गाने हॉर्निमन सर्कल. शेवटी एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय (जुना टाउन हॉल). धर्मशास्त्राचे अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे यांचा जिथे इतकी वर्षं वावर होता ती वास्तू निदान खालून तरी बघू दे, असं वडील म्हणतात. समोरच्या तीसेक पायऱ्या त्यांना जमणार नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगावं:
मीटर आणि वेटिंगवर टॅक्सीवाले तयार होतात का, की उक्ते पैसे ठरवलेले बरे? हुतात्मा चौकाजवळ म्हाताऱ्या माणसाला नीट उतरवता येईल अशी जागा कोणती? आणि रविवार बरा की कामाचा दिवस?

प्रतिसाद १
रविवारी सकाळी लवकर या. ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे मिळतात आणि गाडी सावकाश नेता येते. फक्त एशियाटिकच्या आत जायचं असेल तर सुट्टीचा दिवस टाळा. वेटिंग मीटरमध्ये धरलं जातं, पण इतक्या थांब्यांना बरेच जण कुरकुर करतात. बसण्याआधीच सगळे थांबे सांगून उक्ते ठरवा. ॲपवरून गाडी मागवण्यापेक्षा स्टँडवरचा जुना, मुरलेला टॅक्सीवाला गाठा. वनवे बघून रस्ता कसा घ्यायचा, ते त्याच्यावर सोडा.

तुमची फेरी घड्याळाच्या दिशेने आहे. काकांना चालकाच्या मागे बसवा, म्हणजे बहुतेक वाटेवर कोटाची आतली बाजू त्यांच्या खिडकीतून दिसेल. उतरताना मात्र डाव्याच दाराने, उजवीकडून वाहतूक असते.

प्रतिसाद २
हॉर्निमन सर्कलला सेंट थॉमस कॅथेड्रल चुकवू नका. १७१८ चं आहे, आणि मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले आहेत. इतिहासाच्या शिक्षकांना हे नक्की आवडेल. परतताना ओव्हल मैदानाला वळसा घाला. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोर १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि हे सगळं गाडीतून न उतरता दिसतं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. रविवार पक्का करतो. खिडकी उजवीकडे आणि दार डावीकडे म्हणजे वडिलांना दर थांब्याला सीटवरून सरकावं लागेल, ते गुडघ्यांना झेपणार नाही. त्यामुळे हुतात्मा चौकापर्यंत त्यांना डावीकडेच बसवतो आणि पुढे बाजू बदलतो. आता एकच राहिलं: या वाटेवर ज्येष्ठांना वापरता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह रविवारी सकाळी कुठे उघडं असतं?