मथळ्यातली बातमी घरात आली तो दिवस

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. बाबांनी दारातला पेपर उचलला. पहिल्या पानावर उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांचं एकमत झाल्याची बातमी होती. चहा गाळून होईपर्यंत टीव्हीवर राजभवनातला शपथविधी दिसू लागला: देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. बाबा एकदा हातातल्या पेपरकडे बघत, एकदा टीव्हीकडे. मग त्यांनी खिशातलं पेन काढून पेपरच्या समासात वेळ लिहिली, 'सकाळी ८.२०', आणि घडी घालून तो कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी ते सरकार गेलं, २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला. बाबांनी ते दोन्ही दिवसांचे पेपरही त्याच घडीत ठेवले.

आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "मी दिलेल्या मताचं पुढे काय झालं, ते मला कुणीतरी नीट समजावून सांग गं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा तो चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून हा धागा. राजकारण, गावाकडची बातमी, खेळ, सिनेमा, काहीही चालेल. फक्त ती बातमी तुमच्या घरात कशी शिरली, कुणी आणली, घरातलं कोण काय म्हणालं, ते लिहा. कुठला पक्ष बरोबर हे इथे ठरवायचं नाही. थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.

राधानगरी तालुका

आमचं गाव कांबळवाडीपासनं लांब नाही. १ ऑगस्ट २०२४, दुपारची वेळ. रोपलागण नुकतीच आटपलेली, पायाचा चिखल धुऊन आम्ही किराणा दुकानापुढं जमलो होतो. एकाच मोबाइलवर पंधरा-वीस डोकी. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजीची फायनल लागलेली आणि पन्नास मीटर थ्री पोझिशन म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी एका पोरानं छत्री खांद्याला लावून दाखवलं: आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभं राहून. दुकानापुढच्या ओल्या फरशीवर पालथा पडला बिचारा, कपडे भिजले, पण सगळ्यांना खेळ कळला.

४५१.४ गुण आणि कांस्य. या प्रकारात भारताला आजवर पदक नव्हतं.

आजोबा तालमीतले. त्यांचं सगळं आयुष्य कुस्तीत गेलं. घरी पळत जाऊन सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "खाशाबांच्या नंतर?" मी म्हटलं, "व्हय, एकट्याच्या ताकदीवर ऑलिंपिकचं पदक आणणारा आपल्या महाराष्ट्राचा खाशाबांच्या नंतर ह्योच." १९५२ चं हेलसिंकी, त्याला ७२ वर्षं झालेली. आजोबा काठी टेकत उठले, देवापुढं साखर ठेवली आणि त्यातलीच चिमूटभर माझ्या हातावर दिली. बंदुकीच्या खेळाबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती. त्या दिवशी रात्री मात्र झोपेपर्यंत तोच विषय.

फलटणकडचा एक मतदार

माझ्या आईला अक्षरओळख नाही. ती मत देते ते चित्र बघून. तिला विचारलं तर महाराष्ट्राचं सगळं राजकारण ती चित्रांत सांगते. लग्न होऊन आली तेव्हा बैलजोडी. मग गाय-वासरू. मग चरखा, मग पंजा. १९९९ पासून घड्याळ. माणूस तोच, शरद पवार, चिन्हं बदलत गेली, आणि दर वेळी माझे वडील तिला नवं चिन्ह जमिनीवर खडूनं काढून दाखवायचे.

२ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी पक्ष फुटला तेव्हा वडील नव्हते. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत निवडणूक आयोगाचा निकाल आला, घड्याळ अजितदादांकडे गेलं, पवारसाहेबांना तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आमच्या घरात थोरला भाऊ घड्याळाकडे, मी तुतारीकडे. आई मधे. सहा महिने आम्ही दोघं एका पंगतीला बसलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. भाकरी वाढताना आई एकाला स्वयंपाकघरात वाढायची आणि दुसऱ्याला सोप्यात.

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री तिनं दोघांना समोर बसवलं आणि म्हणाली, "तुमच्या बापानं मला कधी कुणाला मत दे म्हणून सांगितलं न्हाई. नुसतं चित्र काढून दिलं." भावानं पुठ्ठ्यावर घड्याळ काढलं, मी शेजारी तुतारीवाला काढला. माझी चित्रकला अशी की तिनं दोनदा विचारलं हा कोण आहे म्हणून. कुठलं कुणाचं, ते आम्ही दोघांनी मिळून समजावलं. सकाळी ती एकटी आत गेली, बोटाला शाई लावून आली. कुठलं बटण दाबलं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवलो.

*(धागा सुरू करणारी: दादा, तो पुठ्ठा जपून ठेवा. शक्य झालं तर आईंना पहिल्या मतदानाबद्दलही विचारून लिहा, केंद्र कुठे होतं, कशा गेल्या होत्या. हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.)*

औसा

मी दहा वर्षांची होते. १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, सगळं गाव उशिरा झोपलेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं घर पत्र्याचं, गरिबाचं, म्हणून आम्ही वाचलो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद अशी चांगली, थंड, खात्यापित्या लोकांची घरं होती, तीच माणसांवर आली.

अंगणात बसून वडिलांनी ट्रान्झिस्टर लावला. रेडिओवर नेहमी मुंबई, दिल्ली, मंत्र्यांची नावं. ओळखीच्या गावाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी रेडिओवर ऐकलं: किल्लारी. तिथे माझी मावशी दिलेली. आईनं वडिलांना रेडिओ बंद करू दिला नाही आणि ती स्वतः ऐकतही नव्हती, कानांवर हात ठेवून बसली होती.

मावशी वाचली. तिची धाकटी नाही वाचली.

अजूनही बातम्यांत एखाद्या लहान गावाचं नाव आलं की मी हातातलं काम थांबवते. तिथे कुणाची तरी मावशी असते.

नवी मुंबई

आमची बातमी आनंदाची आहे. २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला क्रिकेट विश्वचषकाची दक्षिण आफ्रिकेशी फायनल, मी आणि माझी सातवीतली लेक. पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. भारताच्या २९८ धावा. सांगलीच्या स्मृती मानधनानं ४५ केल्या. शफालीनं ८७. वोल्वार्टनं शतक केलं तेव्हा लेक माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की नखं रुतली. मग अमनजोतनं हातातून उडत गेलेला झेल अखेर धरला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं मला मिठी मारली.

शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागे धावत घेतला तेव्हा बारा वाजायला आले होते. ५२ धावांनी विश्वविजेते.

आमच्या सोसायटीत माझी लेक मुलांबरोबर खेळते. तिला कायम सीमेवर उभी करतात आणि बॅटिंग शेवटी, तोवर अंधार होतो. सोमवारी संध्याकाळी ती खाली गेली आणि म्हणाली, "आज पहिली बॅटिंग माझी." मी गॅलरीत उभी होते. एकाही मुलानं 'का' म्हणून विचारलं नाही. मी आत येऊन रडले.

एक नोकरदार, शहराचं नाव लिहीत नाही

आमच्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासक. बातमीत हे एका ओळीत येतं. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा, की नळाला गढूळ पाणी आलं तर रात्री नऊला कुणाचं दार वाजवायचं, ते दारच उरलं नाही. पूर्वीचा नगरसेवक चांगला होता असं नाही, पण तो लग्नाला यायचा, तेराव्याला यायचा, आणि भेटला की त्याला थांबवता यायचं. अर्ज घेऊन कार्यालयात गेलो की टेबल बदललेलं असे, साहेब बदललेले असत. माझ्याकडे अकरा पोचपावत्या आहेत.

१५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. प्रभागात चार जागा, चार मतं. मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे, महापालिकेसाठी त्याचं हे पहिलंच मतदान. चारही जागांच्या उमेदवारांची घरं कुठे आहेत, ते त्यानं आधी चालत जाऊन बघितलं. मला फार बरं वाटलं.

रत्नागिरी

१६ डिसेंबर २००४. सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, गालाला साबण लावलेला. टीव्हीवर पट्टी आली, लक्ष्मीकांत बेर्डे गेले. पन्नास वर्षांचं वय. वस्तरा हातात धरून न्हावीदादा तसेच उभे राहिले, साबण वाळला.

आमच्या वाडीत गणपतीत चादर बांधून व्हिडिओवर सिनेमे दाखवायचे. मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्याच बॅगेतून कॅसेट यायची. वडील गिरणीच्या संपानंतर गावी परतले ते बोलणंच विसरल्यासारखे झाले होते. त्या चादरीवर लक्ष्या आला की ते हसायचे, आणि आम्ही भावंडं सिनेमा सोडून त्यांच्याकडे बघत बसायचो. संध्याकाळी घरी जाऊन त्यांना बातमी सांगितली. ते उठून पडवीत गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसले.

नागपूर

जुलै २०२५. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिला बुद्धिबळाचा विश्वचषक घेतला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. वय १९. आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात बुद्धिबळाचा एकच पट होता, त्यात उंटाऐवजी खडू ठेवून खेळत होतो. वर्गणी काढून चार पट आणले. आता मुलीच जास्त येतात.

गिरगाव

मी दूध आणि पेपर टाकतो, वडिलांपासूनचा धंदा. तुम्ही सगळे बातमी वाचता, आम्ही ती पहाटे चारला वाहून आणतो. ३ एप्रिल २०११ ला, वर्ल्ड कप जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, जादा गठ्ठे उचलले होते तरी सात वाजता हात रिकामे. लोक शेजाऱ्याकडून मागून घेत होते, ठेवायला म्हणून.

आणि मार्च २०२० मध्ये पेपर छापूनच आला नाही. दूध चालू होतं, त्यामुळे मी जिने चढतच होतो. एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. त्या रोज दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, मी पेपर टाकला की ओढून घेतात. पेपर बंद आहे हे त्यांना दोनदा सांगितलं. तरी तिसऱ्या दिवशी पिशवी खाली आली. मी दुधाची पिशवी त्यात ठेवली आणि खालूनच ओरडून सांगितलं, "आजी, लोकल बंदच आहे. मंडईत गर्दी करू नका म्हणतायत."

वरून आवाज आला, "आणि क्रिकेट?"

"आयपीएल पुढे ढकललीये, आजी."

पुढे पेपर सुरू होईपर्यंत रोज सकाळी मी त्यांना खालून बातम्या सांगायचो. दुसऱ्या मजल्यावरचेही गॅलरीत येऊन उभे राहायला लागले.