जुनं वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, फ्रिज भंगारात द्यायच्या आधी तांबं काढून घ्यावं का?

खटपट्या:
घरात तीन बंद वस्तू साठल्यात, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि एक जुना फ्रिज. अख्ख्या दिल्या तर सगळं लोखंडाच्या भावात जाणार हे माहितीये म्हणून विचार आहे की स्वतः खोलून तांबं, अॅल्युमिनियम वेगळं करावं. पाने, पक्कड, छिन्नी, कानस सगळं आहे, हाताला सवय पण आहे, पण नेमकं काय काढण्यासारखं असतं आणि कशाला हात लावू नये ते कोणी नीट सांगेल का? आणि वायरी जाळून तांबं काढतात म्हणे, ते चालतं का?

जुनी_मोटर:
वॉशिंग मशीनपासून सुरू करा, त्यात मिळतं पण आणि धोका पण कमी. फक्त प्लग काढलेला पाहिजे आणि मोटरला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असेल तर त्यातली वीज आधी उतरवायची. वजन बघून हुरळून जाऊ नका, आत काँक्रीटचे ब्लॉक असतात, मशीन थरथरू नये म्हणून, त्याचे कोण पैसे देणार. ड्रम स्टेनलेसचा असतो तो वेगळा ठेवा, चुंबक चिकटलं म्हणून साध्या पत्र्यात टाकू नका, काही जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतं. ड्रमच्या मागे तीन पायांचा स्पायडर असतो तो बहुतेक अॅल्युमिनियमचा.

आता मोटर. वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, लालसर दिसलं की लोक खूश होतात पण अॅल्युमिनियमच्या तारेवरचं इनॅमल (वार्निशसारखा थर) पण तसंच दिसतं, त्यामुळे एखादी तार कानशीने घासून बघा, आतून लाल असेल तर तांबं, पांढरी चमकली तर अॅल्युमिनियम. हे खोलायच्या *आधी* करा. वाइंडिंग अॅल्युमिनियमचं निघालं तर छिन्नी हातोडी घेऊन दुपार घालवण्यात काही अर्थ नाही, मोटर अख्खीच द्या, मोटरचा भाव तसाही पत्र्यापेक्षा बरा मिळतो.

तिसरा_फेज:
मायक्रोवेव्हचं मी सांगतो. प्लग काढून ठेवलाय म्हणजे झालं असं समजू नका!! आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास निघतं आणि कपॅसिटर ते धरून बसतो, त्याच्या आत चार्ज उतरवायला रेझिस्टर असतो बऱ्याचदा, पण तोच गेलेला असेल तर बाहेरून काही कळत नाही. हाय व्होल्टेजवर काम केलेलं नसेल तर कव्हर उघडूच नका, अख्खा द्या. इतकं करून हाती काय, तर एक ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचं पण वाइंडिंग बऱ्याच वेळा अॅल्युमिनियमचं.

आणि कोणी हौशी मॅग्नेट्रॉनमधली, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागातली, चुंबकं काढायला सांगेल. त्यातलं सिरॅमिक फोडायचं नाही. काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कायमचं दुखणं.

वायरी जाळू नका हो. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकचा धूर म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिडची वाफ, विषारी डायॉक्सिन, सगळं आलं.

खटपट्या:
धन्यवाद दोघांना. पण जाळायचं नाही तर बारीक वायरी सोलत बसायचं का? आणि फ्रिजच्या मागची जाळी तांब्याची असते ना, ती तर नुसती कापून निघेल.

जुनी_मोटर:
बारीक वायर सोलायची नाही, इन्सुलेशनसकट वेगळ्या पिशवीत टाका, तिचा भाव वेगळा असतो. जाडी असेल तेवढीच सोला. जाळलेलं तांबं काळं, ठिसूळ होतं आणि घेणारा ते बघताच खालच्या ग्रेडमध्ये टाकतो, म्हणजे धूर खाऊन वर पैसे कमी.

गारवा:
खटपट्या थांबा, जाळी कापू नका! फ्रिज-एसीचंच काम करते म्हणून सांगते. एक तर ती काळी जाळी लोखंडी असते, काही नळ्यांवर तांब्याचा नुसता मुलामा असतो त्यामुळे रंग खरवडला की लाल दिसते आणि माणूस फसतो, चुंबक लावा लगेच कळेल. दुसरं म्हणजे त्या नळीत गॅस आहे. कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेटणारा गॅस, तिथे ग्राइंडर लावून ठिणग्या पाडल्या तर काय होईल ते सांगायला नको. आर-१३४ए पेटत नाही पण हवेत सोडायचा नसतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरतो. आणि फारच जुना, आर-१२ वाला असेल तर तो ओझोन खाणारा, १९८७ च्या माँट्रियल करारात ज्यांच्यावर गदा आली त्यातलाच.

आधी टेक्निशियनकडून गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या, मग कापा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, तो आडवा करून जमिनीवर सांडू नका. तांबं आहे ते कॉम्प्रेसरच्या आतल्या मोटरमध्ये, पण वरचं कवच वेल्ड केलेलं, जाड लोखंडाचं. माझं मत विचाराल तर गॅस आणि तेल काढून कॉम्प्रेसर तसाच अख्खा द्या.

खटपट्या:
लेबल बघितलं, आर-१३४ए आहे. मग वॉशिंग मशीन तेवढं खोलतो, मायक्रोवेव्ह तसाच देतो आणि फ्रिजसाठी माणूस बोलावतो. मोटरची तार घासली की फोटो टाकतो.