डबा द्या, पण पाटी नको

या चर्चेत एका ताईंनी सुचवलंय की एचआयव्ही असलेल्यांसाठी एआरटी सेंटरच्या, म्हणजे त्यांची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, दारातच रोज पंगत बसवावी. भावना पटली, जागा नाही पटली. आपलं कोल्हापूर केवढं? भवानी मंडपात शिंकलं की रंकाळ्यावर कळतं. त्या रांगेत शेजारची वहिनी दिसली की झालं! २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, तो आपणच पंगतीत वाढून टाकायचा का? त्यापेक्षा घरपोच डबा द्या, नाहीतर महिन्याचा शिधा. मी काही महिने असे डबे पोचवलेत. कुणी विचारलं तर "मेसचा" म्हणायचं, बास.

एचआयव्ही असून लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसाला नेहमीपेक्षा साधारण १० टक्केच जास्त ऊर्जा लागते, म्हणजे एखादी भाकरी आणि थोडे शेंगदाणे. टीबीसारखं दुखणं सोबत असेल तर मात्र २० ते ३० टक्के.

आता कुणाला राग येईल, पण गंगावेशीतलं धारोष्ण दूध यांना देऊ नका. प्रतिकारशक्ती खालावलेली असताना कच्चं दूध बाधू शकतं. उकळून द्या. अंडंही पूर्ण उकडलेलं.

आणखी एक. एचआयव्हीच्या सध्याच्या गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. ती तशी उपाशीपोटीही चालते, पण लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची तर जेवणासोबतच. म्हणून डब्याची वेळ सेंटरवरच्या समुपदेशकांना विचारून ठरवा.